क्यू हातात, यू संपलेले: १६ पॉइंटने गेलेल्या एका डावाचं पोस्टमॉर्टेम

स्क्रॅबलचा (अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर लावून इंग्लिश शब्द करायचा खेळ) एक डाव आहे, ताईसोबत खेळलेला, माझ्या मावसबहिणीसोबत. शेवटचा स्कोअर ३२३ विरुद्ध ३३९, अर्थात ३२३ माझे. आता हरणं काही नवीन नाही, ताईकडून तर मी दहातले सात डाव हरतोच, पण हा डाव डोक्यातून जात नाही कारण तो ज्या शब्दामुळे गेला तो शब्द मला पाठ होता. म्हणजे खरोखर पाठ, लिस्ट घोकलेली, आणि तरी समोर पडलेला दिसला नाही. म्हणून म्हटलं पूर्ण प्रकरण एकदा नीट लिहून काढू.

आधी क्यूबद्दल थोडं, ज्यांना खेळ माहिती आहे त्यांनी हा पॅरा सोडून दिला तरी चालेल. इंग्लिश सेटमधे १०० टाइल्स असतात, त्यातल्या दोन कोऱ्या, ज्या कुठल्याही अक्षराऐवजी चालतात. क्यू एकच, १० पॉइंटचा. यू फक्त चार. म्हणजे क्यूला जो शेजारी लागतो असं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं, तो शेजारी पूर्ण डावात चारदाच येतो आणि बऱ्याचदा क्यू यायच्या आधीच दुसरीकडे खर्च झालेला असतो. डाव संपताना तुमच्याकडे टाइल्स उरल्या तर त्यांचे पॉइंट तुमच्यातून वजा होतात आणि आम्ही खेळतो त्या नियमाने समोरच्याला तेवढेच मिळतात, म्हणजे एकटा क्यू उरला तर २० पॉइंटचा फरक. तो बदलून घेता येतो, पण बॅगेत निदान सात टाइल्स असतील तरच, आणि बदलण्यात तुमची पूर्ण पाळी जाते. म्हणून यू नसलेले क्यूचे छोटे शब्द सगळे शिकतात, मीही शिकलो होतो. आम्ही कॉलिन्स डिक्शनरीची २०१९ ची वैध शब्दांची लिस्ट वापरतो, त्यात दोन अक्षरी शब्द १२७ आहेत, अमेरिकेतल्या लिस्टमधे १०७, हा फरक आधीच ठरवून घ्यावा नाहीतर डावात भांडणं होतात.

आता परिस्थिती. डावाचा शेवट जवळ आलेला, मी ३०१, ताई २९८. बॅगेत ८ टाइल्स. माझ्या रॅकवर, म्हणजे हातातल्या सात टाइल्स, क्यू, ई, ई, आर, एल, ओ, एन. चारही यू बोर्डावर गेलेले, दोन्ही कोऱ्या टाइल्स गेलेल्या, नऊच्या नऊ ए पण गेलेले (मी कागदावर खुणा करत होतो, तेवढं तरी नीट केलं होतं). न दिसलेल्यांत दोन आय बाकी होते. बोर्डावर जे आय होते ते सगळे असे चेपलेले की त्यांच्या डोक्यावर किंवा बाजूला क्यू ठेवायला जागा नाही. एके ठिकाणी आडवा शब्द होता ए-आय-डी, एड म्हणजे मदत, त्याच्या वरची ओळ भरलेली, पण त्याच्या आधीचा, म्हणजे डावीकडचा चौकोन रिकामा. आणि खाली कडेला एक एस लोंबकळत होता, ज्याच्या आधी पाच टाइल्स लावून लाल चौकोनातून जाता येत होतं.

मी काय विचार केला ते प्रामाणिकपणे लिहितो. क्यू-आय साठी आय हवा, क्यू-ए-टी साठी ए हवा, ए तर संपलेच. मग आय. न दिसलेल्या टाइल्स १५, आठ बॅगेत आणि सात ताईकडे, त्यात दोन आय. मी पाच टाइल्स खेळलो तर पाच उचलणार, त्यात निदान एक आय येण्याची शक्यता सात भागांतले चार, साधारण ५७ टक्के. वाटलं ठीक आहे की, निम्म्यापेक्षा जास्त. मग लोनर्स लावला, एल-ओ-एन-ई-आर आणि बोर्डावरचा एस, लाल चौकोनामुळे तिप्पट, १८ पॉइंट. हातात क्यू आणि एक ई ठेवला.

उचलले ते जी, ओ, टी, ई, आर. आय नाही. बॅगेत तीन उरल्या, म्हणजे बदलायचा रस्ता पण बंद, आणि हे मला पाच टाइल्स उचलून झाल्यावर लक्षात आलं, आधी नाही. गंमत म्हणजे तोपर्यंत मी मनात म्हणत होतो की नाही आला आय तर पुढच्या पाळीला बदलून टाकू.

ताईने काय केलं, त्या ए-आय-डी च्या आधी पी ठेवला आणि तिथून खाली पॉन्ड लावला, पी-ओ-एन-डी. आडवा पेड झाला त्याचे ७, उभ्या पॉन्डचे दुप्पट होऊन १४, एकूण २१. दोघं ३१९ वर बरोबरीत. शेवटच्या तीन टाइल्स तिने उचलल्या. मी ग्रीट लावला, १२ आले, हातात क्यू आणि ओ. आता बॅग रिकामी, माझ्याकडे काय आहे ते तिला नेमकं माहीत, त्यामुळे तिने तिचे दोन्ही आय (हो, दोन्ही तिच्याकडेच होते) असे कोंबून लावले की शेजारी क्यू ठेवायला फट नाही. आधी ६, मग मी ओ कुठेतरी टाकून २, मग तिने शेवटच्या दोन टाइल्स टाकून ४. त्या क्षणी मी ३३३, ती ३२९, मी चार पॉइंटने पुढे. आणि हातात एकटा क्यू. माझे दहा गेले, तिला दहा मिळाले.

बोर्ड गोळा करायच्या आधी ताई म्हणाली, "अरे, तू कायद का नाही लावलास?"

मी म्हटलं, "कुठला कायद?"

तिने पॉन्डचा पी उचलला आणि तिथे माझा क्यू ठेवला. क्यू-ए-आय-डी. १४ पॉइंट.

तर हे प्रकरण आहे. आता यात चूक नेमकी कुठे झाली यावर मी बरेच दिवस घोळ घातला, आणि माझं आधीचं उत्तर होतं की शब्द आठवला नाही, स्मरणशक्तीचा दोष. पण ते खरं नाही. झालं असं होतं की क्यू-ए-डी-आय हा शब्द मला त्या पाळीत आठवला होता. कारण तो काझी. आपला काझी, निकाह लावणारा, जुन्या काळात न्याय करणारा. इंग्लिशमधे तो डी ने लिहितात कारण मूळ अरबी अक्षर त्यांनी डी असं लिहायचं ठरवलं, आणि आपल्याकडे तो शब्द फारसीतून आला जिथे त्याच अक्षराचा उच्चार झ सारखा करतात, म्हणून आपल्याकडे काझी आणि त्यांच्याकडे कादी. हे मला माहिती होतं, म्हणून तो शब्द डोक्यात पक्का. मी बोर्डावर बघितलं, ए-आय-डी दिसलं, मनात म्हटलं अरे क्यू लावला तर काझी झाला असता पण डी आणि आय उलटे आहेत, जाऊ दे. आणि पुढे गेलो! तीच चार अक्षरं, फक्त शेवटची दोन इकडची तिकडे, आणि तोही शब्द आहे, आणि तोही माझ्या लिस्टमधे होता, काझीच्या लगेच खालच्या ओळीत.

काझी का दिसला आणि कायद का नाही, इथे खरी गोम आहे. काझीला माझ्या डोक्यात चेहरा होता. कायदला नव्हता, तो नुसता चार अक्षरांचा घोळका होता, लिस्टमधे "मुस्लिम लीडर" असं काहीतरी लिहिलेलं, वाचलं आणि सोडून दिलं. आणि वैताग हा की त्याला चेहरा द्यायला मला काहीच करावं लागलं नसतं, कायदे आझम हा शब्द प्रत्येक मराठी माणसाने इतिहासाच्या पुस्तकात वाचलेला असतो, जिनांची पदवी, कायद म्हणजे नेता. आपण तो ऐकताना कायदा ऐकतो आणि कायद्याचा काहीतरी मोठा माणूस असेल, वकील होते ना ते, असं समजून गप्प बसतो, निदान मी तरी बसलो होतो. पण कायदा वेगळ्या धातूपासून आला आहे, त्याचा मूळ अर्थ पाया, बैठक असा, आणि कायद नेतृत्व करणे या धातूपासून. दोन वेगळे शब्द, मराठीत येताना दिसायला सारखे झाले. कॉलिन्समधे याच नेत्याची तीन स्पेलिंगं चालतात, क्यू ने, के ने आणि सी ने. आणि काझीचीही तीन, क्यू, के, सी. फक्त के-ए-झेड-आय असं लिहून काझी लावला म्हणाल तर तोही शब्द वैध आहे पण त्याचा अर्थ ब्रिटिश बोलीत संडास असा होतो, तेव्हा जरा जपून.

मग मी बसून यू नसलेले क्यूचे शब्द परत काढले आणि या वेळी अल्फाबेटने न लावता ते आले कुठून त्या हिशोबाने लावले. आणि जे दिसलं त्याने मी अक्षरशः कपाळावर हात मारला. यातले ढीगभर शब्द आपले रोजचे आहेत. एफ-ए-क्यू-आय-आर, फकीर, १७ पॉइंट. टी-ए-एल-ए-क्यू, तलाक. बी-यू-आर-क्यू-ए, बुरखा, यात यू आहे पण क्यूच्या मागे नाही, ते चालतं. एन-आय-क्यू-ए-बी, म्हणजे नकाब. कव्वाल आणि कव्वाली दोन्ही क्यू ने. डब्ल्यू-ए-क्यू-एफ, वक्फ, चार टाइल्समधे १९ पॉइंट! एस-यू-क्यू, सूक, अरबी बाजार. आणि क्यू-ए-टी, कात किंवा खात, ते झुडूप ज्याची पानं येमेनमधे आणि पलीकडे आफ्रिकेच्या शिंगात लोक तासन्‌तास चघळत बसतात, तरतरी येते म्हणून.

कारण सोपं आहे. अरबीत क चे दोन प्रकार आहेत, एक आपला साधा आणि एक घशाच्या अगदी खालून काढलेला, ज्याला काफ म्हणतात. युरोपातल्या लोकांनी अरबी शब्द रोमन लिपीत लिहायला घेतले तेव्हा साध्या क ला के दिला आणि या खोल क ला क्यू, कारण क्यू रिकामाच बसला होता, त्याला यू शिवाय दुसरं काम नव्हतं. आपण मराठीत दोन्ही क एकच केले, आपल्याला तो फरक ऐकूही येत नाही. म्हणजे फकीरमधला क आणि किताबमधला क आपल्याला सारखेच, पण रोमन स्पेलिंगमधे एक क्यू आणि एक के. उर्दू लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला हे आपोआप कळतं, त्याला ही लिस्ट पाठ करायची गरजच कमी. आपल्याला निम्मी मदत मिळते: शब्द ओळखीचा, पण क कुठला ते माहिती नाही.

आणि ही निम्मी मदत धोक्याची पण आहे हे सांगायला हवं, कारण हा शोध लागल्यावर मी पुढच्याच डावात किस्मत क्यू ने लावायला निघालो होतो. मूळ अरबीत तिथे खोल क आहे, बरोबर आहे, पण इंग्लिशमधे तो शब्द तुर्कीतून गेला आणि के-आय-एस-एम-ई-टी असा स्थिरावला. डिक्शनरीला मूळ उच्चाराशी देणंघेणं नसतं, इंग्लिशमधे तो शब्द कसा छापला गेला एवढंच ती बघते. म्हणून अंदाजाने क्यू लावायचा नाही, आधी लिस्टमधे आहे का बघायचं आणि मग त्याला आपला अर्थ चिकटवायचा, उलट क्रमाने केलं की पाळी गेलीच समजा.

चिनी शब्दांचा प्रकार वेगळा. क्यू-आय म्हणजे ची, शरीरातली प्राणशक्ती, ताई ची वगैरे करणारे जिच्याबद्दल बोलतात ती (नाही, ताई ची मधली ची वेगळी, तीही अशीच एक गल्लत). १९५८ मधे चीनने पिनयिन नावाची रोमन लिहिण्याची पद्धत अधिकृत केली, त्यात क्यू हे अक्षर छ च्या जवळच्या एका आवाजाला दिलं. त्याआधीच्या पद्धतीत तोच शब्द सी-एच ने लिहायचे, आणि जपानीत तोच शब्द की झाला, त्यामुळे स्क्रॅबलमधे एकाच शब्दाची तीन रूपं चालतात, ची, की आणि क्यू वाली. अमेरिकेच्या लिस्टमधे क्यू-आय आला तो २००६ मधे, त्याआधी तिकडच्या लोकांना यू शिवाय दोन अक्षरात क्यू घालवायची सोयच नव्हती, विचार करा शेवटी क्यू उचलल्यावर काय होत असेल. क्यू-आय-एन म्हणजे छिन, तारांचं एक जुनं चिनी वाद्य. आणि क्यू-आय ला एस लागतो, क्यू-ए-टी ला पण लागतो, हे जीवशक्तीचं अनेकवचन कसं काय असा प्रश्न विचारायचा नाही.

बाकीचे सुटे आहेत. क्यू-ओ-पी-एच हे हिब्रूतलं एकोणिसावं अक्षर, आणि खरं तर तेच अरबी काफचं भावंड. यू-एम-आय-ए-क्यू ही उत्तरेकडच्या बर्फाळ भागातली कातड्याची होडी. अल्बेनियाचं सुटं नाणं क्यू ने. यांना माझ्याकडे मराठी चेहरा नाही, ते घोकूनच ठेवलेत.

इथे एक जण म्हणेल, अर्थ कशाला पाहिजे, नायजेल रिचर्ड्सला बघा. बरोबर आहे, न्यूझीलंडचा हा माणूस २०१५ मधे फ्रेंच स्क्रॅबलची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकला, फ्रेंच बोलता येत नसताना, आणि २०२४ मधे स्पॅनिशमधे पण तेच केलं. त्याला शब्द म्हणजे अक्षरांचा आकार, अर्थ शून्य. पण त्याच्या डोक्यावरून माझ्या डोक्याचं धोरण ठरवणं म्हणजे पाण्यात मासा राहतो म्हणून आपण पण राहू असं झालं. माझ्या डोक्यात नुसती अक्षरं टिकत नाहीत, याच डावाने ते दाखवलं, काझी टिकला आणि कायद उडाला, दोन्ही एकाच दिवशी एकाच कागदावरून पाठ केलेले.

अर्थात सगळं खापर अर्थावर फोडलं तर तेही खोटं होईल. त्या पाळीतला निर्णय कायद न आठवता सुद्धा चुकीचाच होता. समजा फक्त लोनर्स आणि क्यू बदलणं हे दोनच पर्याय असते. मी ५७ टक्के म्हणत होतो ती आय उचलण्याची शक्यता होती, क्यू-आय लावण्याची नाही. आय हातात आला तरी तो ठेवायला मोकळी जागा लागते, आणि बोर्ड तेव्हाच आवळत चालला होता, म्हणजे खरी शक्यता ५७ पेक्षा खालीच. उलट बदलला असता तर पाळी शून्याची गेली असती, पण क्यू बॅगेत आठातला एक झाला असता, आणि ताईने चार टाइल्स खेळून चार उचलल्या असत्या तर निम्मी शक्यता की तो तिच्याच गळ्यात. लोनर्सचे १८ सोडून देणं जड गेलं असतं, मान्य, हा पर्याय अगदी स्वच्छ बरोबर होता असं मी म्हणणार नाही. पण मी तो मोजलाच नाही, मी फक्त मला आवडलेला आकडा मोजला.

आणि कायद धरला तर तुलनाच संपते. कायद १४, लोनर्स १८, फरक चार पॉइंटचा, त्यासमोर २० पॉइंटची टांगती तलवार. शिवाय कायद ला एकच टाइल लागली असती, म्हणजे लोनर्सची पाचही अक्षरं हातातच राहिली असती आणि ताईने ती जागा बुजवली नसती तर पुढच्या पाळीला तेही १८ घेता आले असते.

ताईने पी तिथे मुद्दाम लावला का हे मी विचारलं. ती म्हणाली, "मुद्दामच रे. क्यू कुठे दिसला नव्हता अजून, आणि लोनर्स लावायच्या आधी तू दोनदा बॅग दाबून बघितलीस, म्हणजे बदलायचा विचार चालला होता. तुझ्याकडेच असणार. मग ती जागा मोकळी कशाला सोडू?"

म्हणजे तिने पण पक्कं मोजलं नव्हतं, चेहरा वाचला होता, माझा.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्यात. एक, क्यू हातात असला की आधी रॅककडे न बघता बोर्डावरच्या प्रत्येक छोट्या शब्दाच्या आधीचा चौकोन बघतो. ए-आय-डी च्या आधी काय काय लागतं हे सांग म्हटलं तर मी पेड, रेड, मेड, लेड, सेड असं भराभर म्हणायचो, क्यू त्यात यायचाच नाही कारण तो माझ्या डोक्यात वेगळ्या कागदावर राहत होता, आता निदान ए-टी दिसलं की क्यू आठवतो, आय-एन दिसलं की आठवतो. दुसरं, बॅगेला हात लावत नाही, टाइल्स उचलायच्या असतील तेव्हाच.

परवा रात्री ताईचा मेसेज आला, कुणा मैत्रिणीबरोबर खेळत होती वाटतं. "डब्ल्यू-ए-क्यू-एफ चालतं ना रे? पटकन सांग." मी लिहिलं चालतं, एस पण लागतो. मग पाच मिनिटांनी लक्षात आलं की डाव चालू असताना तिने मला विचारलं, म्हणजे चक्क कॉपी, आणि मी मदत केली.